कुंभाराचं गाढव

मराठी भाषेत कप दोन तऱ्हांनी फुटतो. एकदा तो आपला आपण फुटतो आणि एकदा तो कुणीतरी फोडतो. 'कप फुटला' हे वाक्य लहान मुलांचं आणि मोलकरणीचं. 'कप फोडलास' हे वाक्य आईचं आणि मालकिणीचं. कपाचे तुकडे मात्र दोन्ही वाक्यांत तेवढेच पडलेले असतात. जावयाच्या हातून कप निसटला तर सासूबाई स्वतःच घाईघाईने 'फुटला, फुटला, असू द्या' म्हणतात. तोच सुनेच्या हातून निसटला तर तो फोडलेला असतो. तुटणं आणि तोडणं, पडणं आणि पाडणं, बिघडणं आणि बिघडवणं. व्याकरणकार या जोड्यांना अकर्मक-सकर्मक म्हणतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. मला मात्र नेहमी वाटत आलं आहे, की नीतिशास्त्राचा निम्मा पेपर या एका पानावर आहे. काहीही बिघडलं की आपण आधी क्रियापद निवडतो, आणि मग चौकशी करतो.

पूर्वी ही निवड कपबशा, कंदिलाच्या काचा आणि शेजाऱ्यांशी असलेले संबंध एवढ्यापुरती करावी लागे. हल्ली संगणक आला आहे. संगणक हा एकटाच असा प्राणी आहे, की जो रात्री ठणठणीत झोपतो आणि सकाळी आजारी उठतो, आणि शिवाय उठल्यावर 'तुमची प्रकृती सुधारली आहे' असं आपल्यालाच सांगतो. याला अपडेट म्हणतात. अपडेट म्हणजे यंत्राच्या मूळ कारभारात, ज्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात त्यात, कंपनीने दुरून केलेली सुधारणा. ती झाली आणि घरातलं इंटरनेट बंद पडलं, तर प्रश्न उभा राहतो: नेट गेलं, की नेट घालवलं? आणि घालवलं, तर कोणी?

आमच्याकडे हा प्रश्न २०२४ च्या नोव्हेंबरात, अठ्ठावीस तारखेला सकाळी पावणेआठ वाजता उभा राहिला. तारीख लक्षात राहण्याचं कारण नाना. नाना म्हणजे आमचे समोरच्या दारातले शेजारी, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, वय अठ्ठ्याहत्तर. निवृत्त माणसाला दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी साहेबापुढे जाऊन उभं राहावं लागे. साहेब चष्म्यावरून बघे आणि 'जिवंत आहे' असं लिहून देई. २०१४ सालापासून हे काम संगणकावर करण्याची सोय झाली. आधारचा नंबर द्यायचा, अंगठ्याच्या यंत्रावर अंगठा ठेवायचा, की तिकडे दिल्लीला कळतं की हा गृहस्थ अजून आहे. पुढे नुसता मोबाइलपुढे चेहरा धरूनही हे काम होऊ लागलं, पण नानांचा मोबाइल बटणांचा. त्याला आवाज ओळखू आला तरी पुष्कळ. बँक दोन बसथांबे लांब, आणि नानांचे गुडघे त्याहून लांब. म्हणून दरसाल नाना माझ्या संगणकावरून जिवंत होतात.

त्या आदल्या संध्याकाळी अंगठ्याचं यंत्र जोडून द्यायला सागर आला होता. सागर आमच्या फाटकाशी इस्त्रीचं टेबल लावणाऱ्या गृहस्थांचा मुलगा. आयटीआयत शिकतो. आमच्या सोसायटीत चोवीस बिऱ्हाडं आहेत आणि चोवीसही बिऱ्हाडांची यंत्रं, मोबाइल, टीव्हीच्या डब्या हा मुलगा पन्नास रुपयांत किंवा नुसत्या चहावर नीट करून देतो. त्याने यंत्र जोडलं, त्याचं सॉफ्टवेअर घातलं, नानांचा अंगठा चारदा टेकवून पाहिला. उमटेना. "उद्या सकाळी अंगठ्याला जरा पाणी लावून बघू, काका," असं म्हणून तो गेला. संगणक तसाच चालू राहिला. रात्री केव्हातरी त्याने स्वतःला सुधारून घेतलं. सकाळी पडद्यावर अभिनंदनाचा मजकूर होता, आणि नेट नव्हतं.

(या संगणकाची कंपनी कुठली, ते मी सांगणार नाही. एक तर तिचं काय चुकलं हा निकाल अजून लागायचा आहे; आणि दुसरं म्हणजे उरलेलं आयुष्य मला याच संगणकाबरोबर काढायचं आहे.)

नाना अंगठा ओला करून आले होते. तो तसाच धरून त्यांनी विचारलं, "काल याला हात कोणी लावला होता?"

आमच्या हिने सांगितलं, "सागरने."

"झालं तर मग!"

'झालं तर मग' हे मराठीतलं सर्वांत जलद न्यायालय आहे. तीन शब्दांत आरोप, पुरावा आणि शिक्षा आटोपते. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी मेंटेनन्सचा चेक मागायला आले होते, त्यांनी निकाल कायम केला. मी म्हटलं, "अहो, रात्री याने स्वतःहून अपडेट घेतलंय. त्यात काही झालं असेल."

सेक्रेटरी हसले. "अपडेट कंपनी करते. एवढी मोठी कंपनी कशाला बिघडवेल?"

याला उत्तर नव्हतं. मोठी कंपनी बिघडवत नाही, तिच्याकडे बिघडतं. बिघडवतो तो इस्त्रीवाल्याचा मुलगा. क्रियापद निवडून झालं होतं.

मग मी त्यांना गाढवाची गोष्ट सांगितली. कॉलेजात आम्हाला न्यायशास्त्र शिकवणारे एक सर होते. त्यांच्या चार वर्षांच्या शिकवण्यातलं माझ्याजवळ एवढं एक गाढवच उरलं आहे, पण ते मी जिवापाड सांभाळलं आहे. आपल्या नैयायिकांना प्रश्न पडला, की कारण कशाला म्हणावं? समजा, घडा तयार झाला. तर घड्याच्या आधी काय काय होतं? माती होती, चाक होतं, चाक फिरवायचा दांडा होता, कुंभार होता. ही झाली कारणं. पण आधी तर आणखीही पुष्कळ काही होतं. दांड्याला रंग होता. आकाश होतं. कुंभाराचा बाप होता, कारण तो नसता तर कुंभार कुठला? आणि माती वाहून आणणारं गाढव होतं. मग ही सगळीही कारणंच का? नैयायिक म्हणतात, नव्हे. ही नुसती आधी हजर होती. यांना ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात. सतराव्या शतकातल्या विश्वनाथाने आपल्या 'भाषापरिच्छेदा'त अशा हजर मंडळींचे पाच वर्ग पाडले, आणि पाचव्या वर्गात गाढवाला बसवलं. त्या एका घड्याच्या वेळी गाढव तिथे असेलही. पण माती डोक्यावरून आणली असती तरी घडा झालाच असता. जे आधी होतं ते सगळं कारण नसतं. ज्याच्यावाचून अडतं ते कारण.

सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही सागरला गाढव म्हणताय."

मी त्याला गाढव म्हणत नव्हतो. गाढवाला सोडा म्हणत होतो. पण हा फरक मेंटेनन्सच्या चेकबरोबर समजावून सांगता येण्यासारखा नाही.

खरं तर आपल्याकडे ही अक्कल म्हणीतही आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण म्हण माहीत असणं वेगळं आणि फांदी आपल्या अंगणातली असणं वेगळं. परक्याच्या अंगणातला कावळा निर्दोष असतो. आपल्या अंगणातली फांदी मोडली, की आपण आधी दगड शोधतो.

माझ्या धाकट्या काकूचं लग्न १९६१ च्या मे महिन्यात झालं. ती सातारा जिल्ह्यातली, एकोणीस वर्षांची. पुणं तिने लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आमचं घर तेव्हा नदीकाठच्या पेठेत होतं. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं, आणि दुपारपर्यंत आमच्या घराची एक भिंत आणि आजोबांचं सारं दुकान वाहून गेलं. धरण पुरं बांधून व्हायचं होतं आणि पाणी मात्र त्यात अडवलेलं होतं, हे पुढे सगळ्यांना कळलं. आजही सगळं पुणं 'पानशेत फुटलं' असंच म्हणतं. ते फोडलं कोणी, याची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला होता. आमच्या घरचा आयोग एका सभासदाचा होता, आणि ती सभासद म्हणजे आजी. तिचा निकाल चिखल उपसून व्हायच्या आत लागला. "पायगुण!" ती म्हणाली. एवढं एकच म्हणाली. पुन्हा कधी तो विषयही काढला नाही. आजी दुष्ट नव्हती. तिचं घर वाहून गेलं होतं आणि एवढ्या पाण्याला काहीतरी नाव द्यायला हवं होतं. सर्वांत शेवटी घरात आलेलं माणूस समोरच बसून गाळातली भांडी घासत होतं.

१९८८ साली आम्ही या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा काकूला मुद्दाम बोलावून आणलं होतं. सगळे जिना चढून वर गेले, कलश गेला, भटजी गेले. काकू खाली फाटकाशी उभी. मी खाली जाऊन विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही व्हा रे पुढे. माझ्या चपलेचा अंगठा तुटलाय." मी पाहिलं. चप्पल नवी होती.

यंत्राचं एक बरं असतं. त्याला पुन्हा पहिल्यापासून विचारता येतं. हे काढून बघू, ते घालून बघू, असं करता येतं. असलं की होतं आणि नसलं की होत नाही, अशी दोन्हीकडून परीक्षा पाहणं, याला शास्त्रात अन्वय-व्यतिरेक म्हणतात. संगणक दुरुस्त करणारे त्यालाच ट्रबलशूटिंग म्हणतात. काकूला माहेरी पाठवून १९६१ चा पावसाळा पुन्हा पाडून बघणं कुणाला शक्य नव्हतं, म्हणून तिच्यावरचा निकाल तसाच राहिला. संगणकाच्या बाबतीत अपील करता येतं.

ते अपील स्वतः आरोपीनेच चालवलं. सागर अकरा वाजता आला. जिन्यातच त्याला सगळं कळलं असावं, कारण तो चहा नको म्हणाला. आल्या आल्या त्याने काल स्वतः जोडलेलं अंगठ्याचं यंत्र काढलं, त्याचं सॉफ्टवेअर पुसून टाकलं आणि संगणक पुन्हा सुरू केला. पहिला संशय त्याने स्वतःवर घेतला. आता ही गोष्ट मी मी म्हणणाऱ्या विद्वानांना जमत नाही, पण नानांनी मला कोपराने ढोसलं आणि कुजबुजले, "बघा, आपणहून काढतोय. म्हणजे याला माहीत होतं!" संगणक सुरू झाला. नेट नव्हतंच. म्हणजे सागर सुटला. पण 'सुटला' असं कुणी म्हटलं नाही. निर्दोष सुटण्याला टाळ्या नसतात.

मग त्याने आपला मोबाइल आमच्याच वायफायवर लावला. चालला. म्हणजे तारेतून नेट घरापर्यंत येत होतं. मग उलट केलं. संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावला. चालेना. दोन मिनिटांत सगळं गाव वगळलं गेलं आणि संशय एका टेबलावर आला. मला हे फार आवडलं. आम्ही सकाळपासून तिघं शहाणे 'कोणी केलं' हे विचारत होतो. हा पोरगा 'कुठे नाही' एवढंच विचारत होता.

नंतर त्याने एक काळी खिडकी उघडली आणि यंत्राला त्याचा पत्ता विचारला. नेटवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो, आणि घरात तो पत्ता वाटायचं काम राउटर करतो. आमच्या संगणकाचा पत्ता निघाला १६९.२५४ पासून सुरू होणारा. "हा पत्ता खोटा आहे, काका," सागर म्हणाला. खोटा म्हणजे काय? तर यंत्र पत्ता मागतं, वाट बघतं, पुन्हा मागतं; आणि कुणीच दिला नाही तर शेवटी स्वतःच स्वतःला एक पत्ता देऊन टाकतं. जगभरच्या यंत्रांचं तसं ठरलेलं आहे, की असा स्वतः घेतलेला पत्ता १६९.२५४ नेच सुरू व्हायचा. त्या आकड्यांकडे बघून मला उगीचच भरून आलं. ज्यांना कुणी विचारत नाही आणि जे आपल्या लेटरहेडवर स्वतःच 'ज्येष्ठ विचारवंत' छापून घेतात, असे माझ्या ओळखीचे तीन गृहस्थ डोळ्यांपुढे आले. तिघांचाही पत्ता याच आकड्यांनी सुरू होत असणार.

पुढे त्याने पिंग केलं. पिंग म्हणजे 'आहेस का?' अशी हाक. पाणबुड्या शोधायला पाण्यात ध्वनी सोडतात, त्याच्या आवाजावरून हे नाव पडलं. माइक मुस नावाच्या अमेरिकन माणसाने १९८३ साली हा छोटासा प्रोग्राम लिहिला. राउटरला हाक मारली, उत्तर नाही. बाहेरच्या जगाला मारली, उत्तर नाही. मग १२७.०.०.१ ला मारली. हा पत्ता म्हणजे आपण स्वतः. तिथून मात्र चारही हाकांना ताबडतोब उत्तर आलं. जगाशी संबंध तुटला होता, पण स्वतःशी संभाषण उत्तम चाललं होतं. नाना माझ्याकडे बघत होते आणि मी नानांकडे. निवृत्त माणसांना या अवस्थेचं नवल वाटत नाही.

निकाल लागला तो सेफ मोडमध्ये. सेफ मोड म्हणजे संगणकाने सोवळ्यात स्वयंपाक करणं. घरची चार माणसं सोडून कुणी आत यायचं नाही, बाहेरून आणलेली एकही वस्तू ओट्यावर ठेवायची नाही. सोवळ्यात नेट चालू झालं! म्हणजे घरची माणसं ठीक होती. विटाळ बाहेरून आलेल्यांपैकी कुणाचा तरी होता. सागरने यादी काढली आणि एक एक नाव वाचत खाली गेला. तिथे तो सापडला. एका अँटिव्हायरसचा उरलेला तुकडा. त्याची मुदत चार वर्षांपूर्वीच संपलेली, मुख्य प्रोग्राम काढून टाकलेला. पण येणारं-जाणारं तपासायला म्हणून त्याने जो एक पहारेकरी दारात बसवला होता, तो तिथेच राहिला होता. पगार बंद, कुणी हुकूम देणारं नाही, तरी बसलेला. जुन्या कारभारात तो नुसता डुलक्या घ्यायचा आणि सगळ्यांना जाऊ द्यायचा. रात्री अपडेटने दाराची रीत बदलली. पहारेकऱ्याला नवी रीत कळेना, आणि त्याने काहीच न कळलेल्या पहारेकऱ्यांची सनातन पद्धत स्वीकारली, म्हणजे कुणालाच सोडलं नाही.

सागरने त्याला घरी पाठवलं. संगणक पुन्हा सुरू केला. नेट आलं.

आता सांगा, कारण कोण? अपडेट झालं नसतं तर पहारेकरी आणखी दहा वर्षं डुलक्या घेत बसला असता. पहारेकरी नसता तर अपडेट बिनबोभाट पार पडलं असतं. एकट्या अपडेटने काही बिघडत नव्हतं, एकट्या पहारेकऱ्यानेही नाही. दोघं भेटले तेव्हा बिघडलं. नैयायिकांनी यासाठीही शब्द ठेवला आहे, सामग्री. माती, चाक, दांडा, कुंभार सगळे जमावे लागतात. एकटा दांडा कितीही फिरवला तरी घडा होत नाही. पण सामग्रीला शिव्या देता येत नाहीत, ही तिच्यातली मोठी उणीव आहे. शिवी द्यायला एक तोंड लागतं.

आणि तोंड बहुधा चुकीचं निवडलं जातं. त्याच साली, चारच महिने आधी, १९ जुलै २०२४ ला जगभरचे संगणक निळे पडले होते. विमानं अडकली, आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले. निळा पडदा विंडोजचा, म्हणून पहिल्या तासांत लोकांनी विंडोजच्या नावाने बोटं मोडली. प्रत्यक्षात सदोष फाइल आली होती क्राउडस्ट्राइक या पहारेकरी कंपनीकडून. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख यंत्रं तिने आडवी केली. ज्याच्या तोंडावर रंग दिसला, त्याने होळी खेळली असं ठरलं. उलट २०१६ च्या डिसेंबरात विंडोज १० घेतलेल्या पुष्कळ लोकांचं, विशेषतः युरोपात, नेट गेलं, तेव्हा संगणकांना पत्ताच मिळेनासा झाला होता; त्या वेळी मायक्रोसॉफ्टने मदतीच्या पानावर सूचना लावली, की संगणक रीस्टार्ट करा. ज्यांचं नेट गेलं आहे त्यांच्यासाठी सूचना, आणि ती नेटवर. दवाखान्याची वेळ दवाखान्याच्या आतल्या भिंतीवर लिहिण्याची आपली पद्धत तिकडेही आहे, हे वाचून बरं वाटलं.

म्हणजे अपडेट कधी गाढव असतं आणि कधी खरोखरीच चोर असतं. दर वेळी नव्याने बघावं लागतं, हीच तर पंचाईत. नाना म्हणाले, "हे अपडेट कायमचं बंदच करून टाक रे!" सागर म्हणाला, "नको काका." आणि तो बरोबर होता. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा उपद्रव आला आणि ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांची कामं ठप्प झाली. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट मार्चमध्येच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, निघालं होतं. पण तेव्हा जे बिघडलं, ते न केलेल्या गोष्टीमुळे. न केलेल्या गोष्टीला हात नसतात, म्हणून 'हात कोणी लावला होता' या प्रश्नात ती कधी सापडतच नाही.

हे सगळं चाललं असताना सेक्रेटरी मूळ मुद्द्यावर आले. (ते अजून होते. चेक मिळाला नव्हता.) "पण ते जुनं अँटिव्हायरस या यंत्रात घातलं कोणी?"

खोलीत एकदम शांतता पसरली. कारण ते घातलं होतं आमच्या हिच्या बहिणीच्या मुलाने. हा भाचा बंगलोरला फार मोठ्या कंपनीत फार मोठ्या जागेवर आहे. २०१९ च्या दिवाळीत आला होता, तेव्हा त्याने एका वर्षाची फुकट मुदत असलेलं ते अँटिव्हायरस 'मावशी, आता काळजी नको' असं म्हणून घालून दिलं होतं.

ही म्हणाली, "त्याने बिचाऱ्याने प्रेमाने घातलं होतं. त्याला काय माहीत पुढे काय होणार ते."

"अर्थात, अर्थात," सेक्रेटरी म्हणाले. "हा निव्वळ तांत्रिक बिघाड."

"यंत्र म्हटलं की व्हायचंच," नाना म्हणाले.

आणि बघता बघता क्रियापद बदललं. सकाळी पावणेआठपासून जे नेट सागरने घालवलं होतं, ते साडेबारा वाजता आपलं आपणच गेलं होतं. भाच्याने नुसता प्रेमाने कप धरला होता; तो फुटला. सकाळी मी ज्या गोष्टीसाठी विश्वनाथ, त्याचे पाच वर्ग आणि एक गाढव एवढी फौज उभी केली होती, ती हिने एका मावशीपणाने साधली. नेमकं बोलायचं तर भाच्याबद्दल ही म्हणाली ते शब्दन् शब्द खरं होतं. त्याला खरंच माहीत नव्हतं. मला एवढंच वाटत राहिलं, की हे वाक्य घरात पहिल्यापासून होतं, आणि सकाळपासून ते कपाटातून कुणी काढलं नव्हतं. बंगलोरहून कुणी येईपर्यंत काही शब्द वापरायचेच नाहीत, असं आपलं ठरलेलं असावं. दिवाळीच्या चांदीच्या ताटांसारखं.

सागरने अंगठ्याचं यंत्र पुन्हा जोडलं. नानांनी अंगठ्याला पाणी लावलं, आणि दुसऱ्याच खेपेला अंगठा उमटला. पडद्यावर नंबर आला. नाना आणखी एक वर्ष जिवंत झाले. खूश होऊन त्यांनी पन्नासाची नोट काढली, सागरच्या हातात ठेवली, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "शाब्बास. पण पुढच्या वेळी जरा जपून हां."

तो गेल्यावर मी नानांना विचारलं, "अहो, पण त्याने केलं काय?"

"काही नाही हो. पण जपलेलं बरं."

दोनच आठवड्यांनी मला प्रिंटर जोडून हवा होता. सागर आला, बरोबर एक शाळेची दोनशे पानी वही होती. यंत्राला हात लावायच्या आधी त्याने वही उघडली, तारीख घातली, वेळ घातली, आणि खोलीभर नजर फिरवत लिहीत गेला. प्रिंटर : बंद. नेट : चालू. माउसचं चाक : अडकतं. घड्याळ : पाच मिनिटं पुढे. पंखा : कुरकुरतो. मग वही हिच्यापुढे धरून म्हणाला, "काकू, इथे सही करा."

"अरे, पंख्याचा काय संबंध?" हिने विचारलं.

"काही नाही, काकू," तो म्हणाला. "पण तो पण याच खोलीत आहे ना."